आधी सह्या, मग किनारा

११ नोव्हेंबर १६२०. इंग्लंडहून अमेरिकेत वसायला निघालेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावर तुम्ही आहात. वाकून चाला, तुळया डोक्याला लागतात. भर समुद्रात यातलीच एक मोठी तुळई तडकली होती. लोखंडी स्क्रूचा टेकू देऊन ती कशीबशी जागेवर बसवली आहे. दोन महिन्यांहून जास्त दिवस शंभरावर माणसं इथे दाटीवाटीनं राहिली आहेत. समोर केप कॉडचा किनारा दिसतोय, तरी आधी एक प्रश्न मिटायचा आहे.

यांच्याकडची व्हर्जिनिया कंपनीची सनद व्हर्जिनियाच्या हद्दीपुरती, आणि जहाज लागलंय हद्दीबाहेर. मग हुकूम कुणाचा चालणार? काहीजण उघड म्हणू लागलेत, जमिनीवर पाय ठेवला की आम्ही आमच्या मर्जीचे मालक. त्या स्टीफन हॉपकिन्सकडे बघा. दहा वर्षांपूर्वी बर्म्युडात, जहाज फुटल्यावर, बायबलचे दाखले देत त्यानं हाच मुद्दा मांडला होता. फाशीची शिक्षा झाली, गयावया करून सुटला.

यावर तोडगा म्हणून उतरण्याआधीच एक करार लिहिला गेलाय. आता तो कागद जवळून पाहा. सुरुवात देवाच्या नावानं. मग राजा जेम्सशी निष्ठा. आणि मग मुख्य गोष्ट: देवासमोर आणि एकमेकांसमोर आम्ही एक राज्यमंडळ बनतो, सर्वांच्या हिताचे न्याय्य कायदे करू आणि ते पाळू. ही बोली वकिलाची नाही. इंग्लंडच्या चर्चमधून फुटून निघालेल्या आणि हॉलंडमधल्या लायडनहून आलेल्या सेपरेटिस्टांनी आपलं चर्चच असं उभं केलं होतं. बिशपच्या हुकमाखालचं चर्च त्यांना मान्य नव्हतं. सभासदांनी देवासमोर परस्परांशी करार करायचा आणि पाळकही आपणच निवडायचा. मुळात ही कल्पना बायबलमधल्या, देव आणि इस्राएल लोकांमधल्या कराराची. आज चर्चची तीच रीत कारभाराला लागतेय, आणि सह्या करायला चर्चबाहेरची माणसंही पुढे येतायत. मला हा कागद मोठा वाटतो तो यासाठी.

सह्या एक्केचाळीस. हॉपकिन्स सही करतो, त्याचे दोन नोकर डोटी आणि लीस्टरही करतात. बायकांना कुणी बोलावत नाही. आणि ज्यांची ही भूमी, त्या वाम्पानोआगांना तर कुणी विचारलेलंही नाही. हे नीट पाहून घ्या, मगच पुढे चला.

मे १६२१, प्लिमथ, याच लोकांची नवी वसाहत. हिवाळ्यानं निम्मी माणसं नेली. विधुर एडवर्ड विन्स्लो आणि विधवा सुझॅना व्हाइट यांचं लग्न आहे, पण पाळक शोधू नका. लग्न लावतोय दिवाणी अधिकारी. हॉलंडमधली ही पद्धत त्यांना पटली, कारण लग्न लावणं हे पाळकाचं काम आहे असं बायबलमध्ये त्यांना कुठे सापडलं नाही. अडीच वर्षांनी, डिसेंबर १६२३ मध्ये, गुन्ह्यांचे खटले बारा जणांच्या ज्युरीसमोर चालवायचं ठरतं. ही ज्युरी मात्र इंग्लंडच्या जुन्या वहिवाटीतून आलेली.

अमेरिकेचा कायदा नुसत्या बायबलमधून आला असं सांगणारे ही ज्युरी विसरतात, आणि त्यात धर्माचा अंशही नाही म्हणणारे तो कागद विसरतात. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तीही जनतेच्या नावानं केलेला लेखी करारच होता. तिच्या सहाव्या कलमानं संघराज्याच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालायला कायमची मनाई केली.