यंत्राला न वाचतां येणारें गाणें

पेशवे दप्तरांतील कागद पुण्यास आजहि जपून ठेवलेले आहेत. पण मोडी वाचणारा मनुष्य जवळ नसेल, तर तो रुमाल सोडूनहि कांहीं हातीं लागत नाहीं. शाई आणि ती वाचण्याचा संकेत हीं दोन्ही मिळून लेख होतो. ध्वनीच्या बाबतींत हें सत्य मनुष्यास उशिरां कळलें, कारण आवाज ऐकण्यास कान पुरेसा असे. यंत्रानें आवाज टिपून ठेवण्यास आरंभ केला त्या दिवसापासून ध्वनीलाहि लिपि आली, आणि लिपीबरोबर ती न वाचतां येण्याचें संकटहि आलें.

आमच्या सोलापुरांत हौशी गाणाऱ्यांस या संकटाची चांगली ओळख आहे. कराओके म्हणजे केवळ वाद्यमेळ वाजवावयाचा, पडद्यावर शब्द उमटत जावयाचे, आणि गाणाऱ्यानें आपला आवाज त्यांत मिळवावयाचा. निवृत्त कारकून, शिक्षक, गृहिणी अशी मंडळी या साधनावर मराठी, हिंदी, तेलुगु, कानडी अशीं सर्व प्रकारचीं गाणीं म्हणतात. पण कित्येकदां ऐन बैठकीच्या वेळीं संगणक सांगतो कीं, ही फाईल वाचतां येत नाहीं. मग ती नासली असें समजून लोक ती पुसून टाकतात. आमचें म्हणणें असें कीं, बहुतेक प्रसंगीं गाणें शाबूत असतें. गाणें आणि यंत्र यांच्यामधला संकेत तेवढा चुकलेला असतो. या चुकीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे उपायहि सुचतो.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला. त्याच्या नळकांड्यावर ध्वनीच्या कंपनानें सुई खालींवर होई, आणि चर कमीअधिक खोल उमटे. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट मागितलें. त्याची सुई डावीउजवीकडे हलत असे. आपल्या देशांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्यानें नोव्हेंबरांत गौहरजानचें गाणें टिपलें. त्याच शहरांत पुढें हेमेंद्रमोहन बोस यांनीं नळकांड्यांवर ध्वनिग्रहण चालविलें, व तें नंतर पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्यांवर उतरलें. या सुरुवातीच्या पाथे तबकड्या दिसावयास इतरांसारख्याच काळ्या व वाटोळ्या. पण त्यांचा चर खोलीनें कमीअधिक होणारा, सुई मध्यापासून कडेकडे जाणारी, आणि तीहि पोलादी नसून नीलमण्याच्या गोल टोंकाची. अशी तबकडी साध्या ग्रामोफोनवर पोलादी सुईखालीं ठेवली, तर आवाज नीट निघत नसे. उलट सुईनें चर मात्र खरवडला जाई. बाहेरचें रूप एक आणि आंतली लिपि निराळी, हा आजच्या संगणकावरील घोटाळ्याचा पहिला अवतार होय.

दुसरा अवतार वेगाचा. मिनिटास ७८ फेरे हें प्रमाण १९२५ नंतर, विजेच्या साह्यानें ध्वनिग्रहण होऊं लागल्यावर, हळूहळू स्थिरावलें. त्यापूर्वींच्या कित्येक तबकड्या याहून कमी वा अधिक वेगानें टिपलेल्या आहेत. ७२ फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावली कीं, बारा स्वरांच्या सप्तकांत आवाज एका स्वराहून थोडा अधिकच वर चढतो, आणि लयहि जलद होते. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खां यांचें गाणें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टिपलें गेलें. त्या काळच्या गवयाची पट्टी कोणती होती असें आज कोणी विचारलें, तर आधीं तबकडीचा खरा वेग ठरवावा लागतो. तो चुकला तर आपण ज्यास त्या गवयाचा आवाज म्हणून मान डोलावतों, तो आवाज त्याचा नव्हेच.

कराओकेचें यंत्र जपानांतील कोबे शहरीं दाइसुके इनोउए यानें १९७१ सालीं केलें; तेव्हां गाणीं चुंबकीय फितीवर असत. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, आणि पुढें १९८५ च्या सुमारास तिच्या उरलेल्या जागेंत गाण्याचे शब्द चित्ररूपानें सांठविण्याची युक्ति निघाली. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं कानास न जाणवणारा भाग वगळून ध्वनि आंखूड करण्याची रीत सिद्ध केली, व १९९५ च्या जुलैंत तिच्या फाईलींस ‘एमपीथ्री’ हें शेपूट लावण्याचें ठरविलें. सामान्य प्रतीच्या एमपीथ्रीस डिस्कवरील जागेचा सुमारें अकरावा हिस्सा पुरतो. साहजिकच गाणीं सुटीं झालीं, हातोहात फिरूं लागलीं. आणि त्यांच्या लिपीची माहिती मागें राहिली.

आतां निदानाकडे वळूं. पहिली शंका नांवाची घ्यावी. पुष्कळ लोक फाईलीच्या नांवाचें शेपूट बदलतात आणि ध्वनीचा प्रकार बदलला असें समजतात. आमच्या जिल्ह्यांतील नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’स ‘पांडवप्रतापा’चें वेष्टन गुंडाळलें म्हणून आंतल्या ओंव्या बदलत नाहींत. फाईलीची खरी जात तिच्या आरंभींच्या अक्षरांत असते: वेव्ह प्रकारची फाईल ‘आर-आय-एफ-एफ’ या चार रोमन अक्षरांनीं सुरू होते, ऑग प्रकारची ‘ओ-जी-जी-एस’ या अक्षरांनीं. हीं अक्षरें वाचून खरा प्रकार सांगणारीं साधनें फुकट मिळतात. जात कळल्यावर मूळ फाईल तशीच ठेवून तिची नवी प्रत सॉफ्टवेअरला रुचेल त्या प्रकारांत करावी. मूळ पुसूं नये. कारण आंखूड केलेला ध्वनि पुन्हां पुन्हां आंखूड केला तर दर खेपेस कांहींतरी गळतें, आणि गळलेलें परत मिळत नाहीं.

दुसरी शंका मापाची. डिस्कवर ध्वनीचे एका सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. चित्रफितींत बहुधा ४८,०००. कांहीं सॉफ्टवेअर अनोळखी अंक दिसतांच नकार देतें, तर कांहीं चुकीच्या अंकानें वाचतें. ४८,००० चें गाणें ४४,१०० नें वाजलें तर पांच मिनिटांचें गाणें सुमारें साडेपांच मिनिटें चालतें, आणि पट्टी जवळजवळ दीड स्वर खालीं येते. जुन्या तबकडीचा दोष तो हाच. तेथें आवाज चढे, येथें तो उतरतो इतकेंच.

तिसरी शंका जोडीची. कराओकेच्या गाण्यांत पुष्कळदां दोन फाईली असतात, एक ध्वनीची आणि एक शब्दांची. दोहोंचें नांव अक्षरशः एक असावें लागतें. एक मोकळी जागा अधिक पडली तरी गाणें वाजतें आणि पडदा कोरा राहतो. डिस्कवरून साध्या रीतीनें गाणें उतरवून घेतलें तर शब्दांचा भाग येतच नाहीं; त्यासाठीं वेगळें साधन लागतें.

चौथी शंका सोलापुरास विशेष लागू आहे. येथें एकाच घरांतील गाण्यांचीं नांवें देवनागरी, तेलुगु, कानडी आणि उर्दू लिपींत लिहिलेलीं सांपडतात. जुनें सॉफ्टवेअर अशीं नांवें वाचूं शकत नाहीं आणि दोष ध्वनीवर ढकलतें. नांव क्षणभर साध्या रोमन अक्षरांत लिहून पाहिलें कीं खरें काय तें कळतें. पांचवी आणि शेवटची शंका कुलुपाची. पैसे भरून ऐकावयाच्या सेवांतून उतरलेलीं गाणीं बहुधा त्या सेवेच्याच किल्लीनें उघडतात. तीं दुसऱ्या यंत्रानें वाचूं नयेत हाच तेथें हेतु असतो. तेथें खटपट न करतां रीतसर मोकळी प्रत विकत घेणें हेंच योग्य.

या पांचांतून कांहीं निष्पन्न न झालें तर फाईल अर्धवट उतरली असावी. तिचें आकारमान मूळ प्रतीशीं ताडून पाहावें आणि ती पुन्हां मागवावी.

ही खटपट कोणास करमणुकीपुरती वाटेल. पण त्याच संगणकांत वडिलांच्या आवाजांतील भजन, आजीची तेलुगु अंगाई, गिरणींत राबलेल्या एखाद्या मजुराचा कलगीतुरा हींहि असतात, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंच मिळत नाहीं. मोडीचे जाणकार उरले म्हणून पेशवाईचे कागद बोलले. आपल्या आवाजांसाठीं असे जाणकार पन्नास वर्षांनीं मिळतीलच असें नाहीं. तेव्हां गाणें सांठवितांना त्याच्या शेजारीं चार ओळी लिहून ठेवाव्या: हें कोणी गाइलें, केव्हां टिपलें, कोणत्या प्रकारांत ठेवलें, आणि कोणत्या मापानें वाचावें. इतकें काम प्रत्येक घरास करतां येण्याजोगें आहे.