गवताचे झाड कसे झाले

बांबू हे गवत आहे. ज्वारी, ऊस, बांबू एकाच कुळातले. परंतु १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या दुसऱ्या कलमाने ‘वृक्ष’ या शब्दात बांबूही धरला. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. कायदा वाचावयास शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. ते कलम वाचून आम्हांस हसू आले. पांढरकवडा-घाटंजीकडील कोलामास हसण्याची सोय नव्हती. त्याच्या घराचा कूड बांबूचा, पोट सूप-टोपल्यांवर. आणि राखीव जंगलात परवान्याविना बांबू तोडला की गुन्हा! पुढे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची कागद गिरणी निघाली. तिला मात्र जंगलचा बांबू सरकारी कराराने मिळू लागला.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला. तरी गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडावयास २०११ साल उजाडले, आणि ते द्यावयास केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. २०१७ साली ‘वृक्षा’तून बांबू वगळला. शेतातील बांबू त्यामुळे मोकळा झाला. जंगलातील बांबू वनोपजच राहिला, आणि कोलाम बांबू आणतो तो बहुधा जंगलातूनच.