ऊसपट्ट्यातील द्रव्यचक्र व ऊर्जाप्रवाह

परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते, द्रव्य मात्र फिरत राहते. सूर्याकडून आलेली ऊर्जा वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्यामार्फत अखेर उष्णता होऊन निसटते. कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये माती, पाणी व सजीवांत पुन्हा पुन्हा वापरली जातात. कोल्हापूरला खेटून असलेल्या उचगावापासून (ता. करवीर) पूर्वेकडे शिरोळपर्यंतच्या ऊसपट्ट्यात या दोन्ही प्रक्रिया आणि त्यांतला माणसाचा हस्तक्षेप एकत्र पाहता येतो.

ऊस हे सूर्यप्रकाश साठवण्यात फार कार्यक्षम पीक. त्याच्या पानांत कर्ब बांधण्याची जी खास पद्धत आहे, तिचा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये उसावरच्याच प्रयोगांतून मांडला. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष ऊन खातो. गुऱ्हाळावर रस काहिलीत आटतो आणि खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळतात. म्हणजे दीड वर्षाच्या उन्हाचा एक भाग काही तासांत उष्णता होऊन जातो, दुसरा गुळाच्या ढेपेत उरतो.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. साखर म्हणजे केवळ कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे सारे हवा-पाण्यातून आलेले असते. शुद्ध साखरेच्या पोत्याबरोबर शेतातले नत्र, स्फुरद, पालाश गावाबाहेर जातच नाही (गुळात थोडी खनिजे जातात). मग जमीन दरवर्षी खत का मागते?

उत्तराचा मोठा भाग वाटेवरच्या गळतीत आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे 40 ते 50 किलो. खोडवा राखताना काडी लावली की कर्बाबरोबर हे नत्र आणि गंधकही बहुतांश हवेत जाते. पालाश राखेत उरतो खरा, पण पहिल्या पावसात सहज धुपतो. साखर कारखान्यात गेलेल्या उसातले उरलेले स्फुरद प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) आणि पालाश मळीत उतरतो; मळीपासून मद्यार्क काढल्यावर तो सांडपाण्यात येतो. हे सगळे कंपोस्ट होऊन शेतात परतले तर चक्र बरेचसे पूर्ण होते. पाचट सरीत कुजवणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, तरीही पेटवलेले फड अजून दिसतात.

दुधाचे गणित वेगळे. म्हशींना वाडे (उसाचे शेंडे) घातले की शेण शेतात येते, पण दुधातल्या प्रथिनांबरोबर नत्र, तसेच स्फुरद व कॅल्शियम टँकरमधून थेट मुंबईपर्यंत जातात.

गळालेले नत्र भरून काढायला युरिया येतो. हवेत 78 टक्के असलेल्या नत्रापासून अमोनिया करण्याची हाबर–बॉश पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिला लागणारी ऊर्जा मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशातून येते. पाटपाण्याखालच्या जमिनीत या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करतो. नायट्रेट झालेला भाग ओढ्यांवाटे पंचगंगा नदीत उतरतो.

तिथे त्याला कोल्हापूर शहराचे मैलापाणी मिळते. जयंती नाला हा या मैलापाण्याचा जुना, कुप्रसिद्ध मार्ग. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की पाणी संथ होते आणि जलपर्णी पात्र झाकते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला नत्र-स्फुरदाचे आयते जेवण मिळते. ती कुजू लागली आणि वरून सेंद्रिय सांडपाणी आले की सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू संपवतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. जलपर्णी काढणे म्हणजे नदीतून खत उचलणेच, पण ती काठावरच टाकली तर कुजून तिचा रस परत पात्रात झिरपतो.

खाली शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने भूजल वर आले. केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर साचून काळी जमीन पांढरी पडली. तिथल्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचरा केला आणि पडीक शेते पुन्हा पिकाखाली आली. नळ्यांतून निघालेले क्षारयुक्त पाणी ओढ्या-नाल्यांना मिळते आणि पुढे कृष्णेकडे जाते.