डिकीचं झाकण

चतुर्थीला ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी वाहनतळ भरून जातो. तिथे कानावर सारखा पडणारा शब्द म्हणजे डिकी. डिकी उघड, पिशवी डिकीत टाक, डिकी नीट लागली का बघ. परतताना नारायणगावला टोमॅटो घेतले, तर तेही डिकीतच. पण ही डिकी मुळात सामानाची नव्हतीच, ती होती माणसाची बैठक.

इंग्लंडात घोडागाडीवरच्या गाडीवानाच्या किंवा मागे बसणाऱ्या नोकराच्या उघड्या बैठकीला डिकी म्हणत. पुढे दोन माणसांच्या मोटारी आल्या आणि त्यांच्या पाठीमागे झाकणाखाली एक जादा बैठक दडवलेली असे. अमेरिकेत ती रम्बल सीट. त्या झाकणाच्या बिजागऱ्या खालच्या कडेला असत. वरची कड धरून मागे ओढलं की आतली गादीची बाजू पाठ टेकायला मिळे. वर छप्पर नाही, ऊनपाऊस सगळं अंगावर. १९३०च्या दशकाअखेर ही बैठक मागे पडली आणि जागा सामानाला गेली. इंग्लंडात तिला बूट म्हणतात, आपल्याकडे डिकीच राहिली, स्कूटरलाही चिकटली.  

या सगळ्यात मला बिजागऱ्यांचा बदल मोठा वाटतो. सामानाच्या डिकीत त्या वरच्या कडेला गेल्या आणि पाठ टेकायचं झाकण डोक्यावर तोलून धरायची वेळ आली. त्यासाठी आधी स्प्रिंगा, मग कोंडलेल्या नायट्रोजनच्या दांड्या. गॅरेजवाले त्यांना डिकीचे शॉकअप म्हणतात. त्यातला वायू निसटला की झाकण डोक्यावर नाहीतर बोटांवर येतं.

आता काही गाड्यांत या दांडीच्या जागी मोटरची दांडी असते. बटण दाबलं की झाकण आपोआप मिटतं. वाटेत काही अडलं तर मोटर मंदावते, वीज जास्त ओढते, आणि त्यावरून यंत्र झाकण परत वर नेतं. काही गाड्यांत कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टीही असते. पण यंत्राला कळायच्या आधी दाब पडतोच. अंदाजासाठी बघा, गाडीच्या आपोआप मिटणाऱ्या खिडक्यांच्या काचांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमात १०० न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण १० किलोचा भार. लहान पोराच्या बोटांना तोही फार.

आणि माणसं पुन्हा डिकीत बसू लागली आहेत! दर्शन झालं की पोरं मागच्या काठावर पाय सोडून बसतात, आजी नारळाचे तुकडे वाटत असते, आणि ड्रायव्हर पुढे बसल्या बसल्या बटणाकडे हात नेतो. तिथून त्याला पोरांचे हात दिसत नाहीत. म्हणून मोटरने मिटणारी डिकी मागे उभं राहूनच लावावी. बहुतेक गाड्यांत झाकणाच्या खालच्या कडेलाही बटण असतं. झाकण खाली येताना तेच पुन्हा दाबलं की ते थांबतं किंवा परत वर जातं.