सुट्या भागांचा संगणक

घरांतील संगणक बिघडला म्हणजे आपण तो दुरुस्तीच्या दुकानांत नेतों. दुकानदार पेटी उघडतो, एक भाग काढतो, दुसरा बसवितो, आणि थोडक्या पैशांत यंत्र पूर्ववत् चालूं लागतें. हें आपणांस इतकें स्वाभाविक वाटतें, कीं त्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि मनास शिवत नाहीं. परंतु एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रांत बिनचूक बसावा, ही गोष्ट आपोआप घडलेली नाहीं. ती कशी घडून आली, आणि आतां ती आपल्या हातून कशी निसटूं पाहत आहे, हें आज सांगावयाचें आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम या अमेरिकन कंपनीनें न्यूयॉर्क येथें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ लोकांपुढें मांडला. या कंपनीची ख्याति होती ती मोठमोठ्या कचेऱ्यांतील अजस्र संगणकांबद्दल. यंत्राचे बहुतेक भाग आपणच घडवावयाचे, हा तिचा शिरस्ता. या खेपेस मात्र घाई होती. फ्लॉरिडांतील बोका रेटन येथें डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या लहानशा तुकडीस सुमारें एका वर्षांत यंत्र सिद्ध करावयाचें होतें. म्हणून त्यांनीं बाहेरचे तयार भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. अगदीं साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर, आणि मेमरी अवघी १६ किलोबाइट. परंतु आंत पांच खांचा ठेविल्या होत्या, कीं ज्याला जें कार्ड हवें तें त्यानें पुढें सवडीनें बसवावें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं यंत्राचे विद्युत्-आराखडे आणि ‘बायॉस’ ही त्याची अंगभूत आज्ञावली ज्यांत छापली होती, असें पुस्तकच कंपनीनें विक्रीस ठेविलें. इतरांनीं जोडकार्डें करावीं आणि आपल्या यंत्राचा खप वाढावा, हा त्यांतला हेतु.

पुस्तक उघडें असलें, तरी बायॉसवरचा लेखनहक्क कंपनीचाच होता. तिची नक्कल करणें गुन्हा ठरला असता. १९८२ त ह्यूस्टन येथें निघालेल्या कॉम्पॅक कंपनीनें यावर तोड काढली. एका गटानें मूळ आज्ञावली वाचून ती काय काम करते एवढेंच टिपून ठेविलें. आणि मूळ लेखन ज्यांनीं कधीं पाहिलेंच नव्हतें अशा दुसऱ्या गटानें त्या टिपणांवरून नवी आज्ञावली रचिली. शेजाऱ्याची वही पाहून उत्तर लिहिणें निराळें, आणि प्रश्न समजावून घेऊन स्वतः सोडविणें निराळें. शिक्षकास हा भेद विस्तारानें सांगावा लागत नाहीं. १९८४ त फिनिक्स कंपनीनें अशाच रीतीनें केलेली बायॉस कोणासहि विकण्यास आरंभ केला. मग काय! आयबीएमशीं जुळणारें यंत्र करणें कोणाहि कारखानदाराच्या आटोक्यांत आलें.

१९८७ त आयबीएमनें किल्ली पुन्हा आपल्या कनवटीस लावण्याचा यत्न केला. नव्या यंत्रांत तिनें ‘मायक्रो चॅनेल’ नांवाची निराळी खांच आणिली. ती दुसऱ्यांनीं वापरावयाची तर परवाना हवा. पुढच्याच वर्षीं कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनीं, जुनीं कार्डेंहि जींत बसतील अशी स्वतंत्र खांच जाहीर केली. मायक्रो चॅनेल मागें पडलें. १९९५ त इंटेलनें ‘एटीएक्स’ हीं मापें ठरवून दिलीं. त्यामुळें जुन्या पेटींत नवा मदरबोर्ड बसविणें सोपें झालें. २००५ त आयबीएमनें घरगुती संगणकांचा हा व्यवसायच लेनोवो या चिनी कंपनीस विकला. जन्मदाता निघून गेला, पण त्यानें उघडा ठेविलेला सांधा जगास कामीं आला.

आपल्या देशांत हा लाभ थोडा उशिरां पोंचला. आयबीएम १९७८ त भारतांतून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ मधील संगणक-धोरणानें आयातीचीं बंधनें सैल केलीं. पुढें १९९७ त भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला, आणि संगणकांवरील जकात टप्प्याटप्प्यानें उतरत गेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (म्हणजे कागदोपत्रीं डॉ. भडकमकर मार्ग), पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचें नेहरू प्लेस, या बाजारांत ‘असेंबल्ड’ हा शब्द कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या तोंडीं रुळला. यंदा बोर्ड व प्रोसेसर घ्यावा, मेमरी पुढच्या वर्षीं वाढवावी, पडदा जुनाच चालवावा, अशा हप्त्याहप्त्यानें कितीएक मध्यम स्थितीच्या घरांत मुलांच्या विद्येसाठीं संगणक आला. सबंध यंत्राची किंमत एकरकमी देणें ज्यांना शक्य नव्हतें, त्यांना सुट्या भागांनीं हात दिला.

हाच सांधा आतां बुजत चालला आहे. २००८ त निघालेल्या ॲपलच्या ‘मॅकबुक एअर’मध्यें मेमरी बोर्डावरच डाखाची होती, पुढें अनेक कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपांत ही रीत रूढ झाली. त्यानें यंत्र सडपातळ होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण अशी मेमरी अपुरी पडली कीं भाग नव्हे, सबंध यंत्रच बदलण्याची पाळी येते. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबविला, आणि ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारीं कितीएक धडधाकट यंत्रें एका दिवसांत म्हातारीं ठरलीं. त्यांतील पुष्कळांवर ‘लिनक्स’ ही विनामूल्य कार्यप्रणाली सुखानें चालते, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणून, श्रोतेहो, नवें यंत्र घेण्यापूर्वीं दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावे. मेमरी काढतां-घालतां येते काय? साठवणीची डिस्क बदलतां येते काय? बॅटरी डिंकानें चिकटविली आहे, कीं स्क्रूनें बसविली आहे? जुनें यंत्र मंद झालें असेल, आणि त्यांत फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसवून पाहावी. बहुधा नव्या यंत्राचा खर्च पुढें ढकलतां येतो. मेमरी वाढवावयाची असल्यास जुनी पट्टी नमुन्यादाखल बरोबर न्यावी; कारण डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खांचेंत बसत नाहीं. मात्र वीजपुरवठ्याच्या डब्यांत काटकसर करूं नये. तो निकृष्ट निघाला तर इतर भागांसहि घेऊन बुडतो.

मडकें घेतांना आपण तें वाजवून घेतों. संगणकाच्या बाबतींत तो उघडतां येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. १९८१ सालीं व्यापाराच्या घाईनें जें दार उघडें राहिलें, तें पुढें ग्राहकांनीं आणि कारागिरांनीं नेटानें उघडें ठेविलें. आपण विचारणेंच सोडून दिलें, तर तें मुकाट्यानें लागून जाईल.