वऱ्हाडातील प्रतिलेखन व प्रतिमुद्रण

एखाद्या लेखाची वा दस्तऐवजाची मुळाबरहुकूम दुसरी प्रत तयार करण्याच्या कलेचा वऱ्हाडातील इतिहास सु. सातशे वर्षांचा आहे. बोरूपासून घरगुती प्रिंटर-स्कॅनरपर्यंतच्या या वाटचालीत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या : प्रतींची संख्या आणि त्या वाचू शकणारा वाचक.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान होय. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणी हिंडून जमविल्या व येथे लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ पोथी खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली व अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा लिहून काढली, असे परंपरा सांगते. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांत लिहिले. नकला होत राहिल्या. परंतु पंथाबाहेरील वाचकाला त्या बंदच होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे इ. संशोधकांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा झाला, तेव्हाच हे वाङ्‌मय छापून सर्वांसमोर येण्याची वाट मोकळी झाली.

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात छापखाने आले. अकोल्याचे वऱ्हाड समाचार व अमरावतीचे प्रमोदसिंधु ही त्या शतकातील पत्रे होत. छापखान्याने एका मजकुराच्या शेकडो प्रती दिल्या. पण एका खरेदीखताची एकच प्रत हवी असल्यास नक्कल हातानेच करावी लागे. ही उणीव टंकलेखन यंत्र व कार्बन कागद यांनी काही अंशी भरून काढली. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे कोरड्या प्रतिमुद्रणाचा प्रयोग यशस्वी केला. त्यावर आधारलेले साध्या कागदावरील झेरॉक्स यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले. पुढे कचेऱ्यांभोवतीच्या दुकानांमुळे ‘झेरॉक्स’ हा मराठीतील सामान्य शब्द बनला. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत संगणकासाठी स्कॅनर सिद्ध केला होता; त्यावरील पहिली प्रतिमा १७६ × १७६ बिंदूंची होती. १९८४ पासून लेसर व शाईफवारा प्रिंटर टेबलावर मावू लागले आणि कालांतराने घरी पोहोचले.

घरगुती यंत्राची निवड कागदावर अवलंबून असते. जुनी खरेदीखते व वाटणीपत्रे यांचा कागद ठिसूळ असल्याने तो यंत्रात ओढून घेणारा स्कॅनर वापरू नये. काचेवर कागद पालथा ठेवण्याचा सपाट स्कॅनर योग्य. छापील मजकुरास दर इंचास ३०० बिंदू पुरतात. फिकट हस्तलेखास ४०० ते ६०० घ्यावेत. ए-४ (२१० × २९७ मिमी.) आकाराहून लांब कागद एकमेकांवर थोडे येणाऱ्या भागांत टिपावा. ए-४ कागदाच्या ३०० बिंदूंच्या रंगीत प्रतिमेस, ती संक्षिप्त न केल्यास, सु. २६ मेगाबाइट जागा लागते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या शाईफवारा प्रिंटरची सूक्ष्म छिद्रे शाई सुकून बुजतात. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या वर जात असल्याने हा दोष तेथे विशेष जाणवतो. लेसर प्रिंटरमध्ये काळी भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते. ती सुकत नाही व पाण्याने पसरत नाही. म्हणून काळ्या मजकुरासाठी तो सोयीचा. यंत्र उन्हापासून व धुळीपासून दूर, सपाट जागी ठेवावे; संगणकाशी तारेने वा बिनतारी जोडावे; प्रथम एक कागद टिपून अक्षर मोठे करून तपासावे. प्रतिमांना गाव, गट क्रमांक व वर्ष यांवरून नाव द्यावे आणि त्या किमान दोन ठिकाणी साठवाव्यात.

महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागल्याने शेतकऱ्याची नकलेसाठीची पायपीट कमी झाली. मात्र घरी स्वतः काढलेली प्रत प्रमाणित प्रत ठरत नाही. मूळ कागद जपावाच लागतो. त्याहून मोठी मर्यादा लिपीची आहे. वऱ्हाडातील अनेक घरांतले जुने दस्तऐवज मोडीत असून ती वाचणारे थोडे उरले आहेत. स्कॅनर अक्षराचे चित्र जपतो, त्याचा अर्थ नव्हे. सकळ लिपीतील पोथ्यांप्रमाणेच या कागदांनाही वाचक मिळाला, तरच त्यांच्या प्रती उपयोगी पडतील; म्हणून प्रतिमेसोबत देवनागरी लिप्यंतर करून ठेवणे अगत्याचे आहे.