सूमरो, अल्लाबक्ष
(१९०० – १४ मे १९४३). सिंध प्रांताचे दोन वेळा पंतप्रधान (मुख्यमंत्री) झालेले नेते व हिंदु-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते. शिकारपूरच्या एका सधन जमीनदार कुटुंबात जन्म. सिंध मुंबई इलाख्यात असताना ते मुंबईच्या विधिमंडळाचे सदस्य होते. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. त्याच्या साठ सदस्यांच्या विधानसभेत मुसलमान बहुसंख्य असले, तरी वडेऱ्यांच्या (मोठ्या जमीनदारांच्या) गटबाजीमुळे कोणतेही मंत्रिमंडळ स्थिर नसे. मार्च १९३८ मध्ये अल्लाबक्ष सत्तेवर आले, ते हिंदू व काँग्रेस सदस्यांच्या पाठिंब्यावर. ऐक्य ही त्यांची निष्ठा होती, तशीच सत्तेची गरजही होती. त्यांचे बळ आणि दुबळेपण दोन्ही यातच होते.

सक्करच्या मंझिलगाह प्रकरणात हे दुबळेपण उघड झाले. ही जुनी वास्तू मशीद असल्याचा दावा करून मुस्लिम लीगने १९३९ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सिंधूच्या पात्रातील साधबेला हे हिंदूंचे तीर्थस्थान समोरच असल्याने हिंदूंचा या मागणीस विरोध होता. सरकारने प्रथम चालढकल केली आणि नोव्हेंबरमध्ये बळाने वास्तू मोकळी केली. पाठोपाठ भीषण दंगली उसळल्या. त्यांत बळी पडलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते. मुसलमान दुरावले, हिंदू सदस्यांचाही विश्वास उडाला आणि १९४० मध्ये मंत्रिमंडळ गडगडले.

तरीही त्यांनी आपली भूमिका सोडली नाही. लीगच्या लाहोर ठरावानंतर सुमारे महिनाभराने, एप्रिल १९४० मध्ये, दिल्लीस भरलेल्या आझाद मुस्लिम परिषदेचे ते अध्यक्ष होते. धर्मावरून राष्ट्र ठरते, ही कल्पना त्यांनी अमान्य केली. परिषदेनेही फाळणीस विरोध करून स्वातंत्र्याची मागणी केली.

मार्च १९४१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. ‘छोडो भारत’ चळवळीच्या दडपशाहीनंतर चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये केलेल्या भाषणाच्या निषेधार्थ सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांनी ‘खानबहादुर’ व ‘ओ. बी. ई.’ हे किताब परत केले. तेव्हा गव्हर्नर सर ह्यू डाऊ यांनी, आपला विश्वास उरला नाही या सबबीवर, ऑक्टोबरमध्ये त्यांना बडतर्फ केले. विधानसभेत त्यांचा पराभव झालेला नव्हता; प्रांतिक स्वायत्ततेचे खरे स्वरूप या एका कृतीने स्पष्ट झाले. त्यानंतर लीगच्या सहभागाचे मंत्रिमंडळ आले व मार्च १९४३ मध्ये सिंध विधानसभेने पाकिस्तानच्या मागणीस पाठिंबा दिला.

१४ मे १९४३ रोजी शिकारपूर येथे टांग्यातून जात असता गोळ्या घालून त्यांची हत्या करण्यात आली. कटाच्या आरोपावरून लीगचे सिंधमधील नेते मुहम्मद अयूब खुहरो यांच्यावर खटला झाला; १९४५ मध्ये ते निर्दोष सुटले.